खांद्यावरचा स्पेअर आणि दहा-अकराचा पाना

मशीन खोलून परत जोडलं की दोन-तीन नट उरतातच. मशीन तर चालू झालेलं असतं, त्यामुळे ते कुठले म्हणून कुणी विचारत नाही. गुपचूप खिशात जातात. आमच्या मेंटेनन्स डिपार्टमेंटचे किस्से असेच उरलेत. त्यात चाकणला गाड्यांचे बंपर बनवणारे आम्ही तिघं समुद्राखाली जायला शिकलो, तेव्हापासून खिसा फाटायला आलाय.

तिघं म्हणजे गायकवाड काका, लहू आणि मी. काका आमचे फोरमन, रिटायर व्हायला दोन वर्षं. लहू लातूरकडचा, गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला. मी पवन. माझ्याबद्दल डिपार्टमेंटमध्ये कुणी चांगलं बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही.

काकांची ओळख म्हणजे त्यांचा दहा-अकराचा पाना. कमरेला दोरीनं बांधलेला. कंपनीत आल्यापासून त्यांनी तो कुणाच्या हातात दिलेला नाही. एकदा खुद्द प्लांट हेडनं मागितला. काका म्हणाले, "साहेब, काय खोलायचंय ते सांगा. मी येतो."

*

काकांची मुलगी प्रज्ञाताई. घर देहूरोडला, पण ती मालवणला स्कूबा डायव्हिंग शिकवते. पावसाळ्यात तिकडं बंद असतं, म्हणून चार महिने घरी. यंदा आल्या आल्या तिनं सांगितलं की अंदमानात नोकरी लागलीय, दिवाळीनंतर जाणार.

 तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, मी येईन भेटायला, तू पाण्याखाली काय करतेस ते बघायचंय मला.

ती म्हणाली, "पप्पा, बघायचं असेल तर डायव्हिंग शिकल्याचं कार्ड लागतं. कार्ड नसेल तर तुम्ही बोटीत बसा, मी खाली जाते. आणि कार्ड मीच देणार, म्हणून वशिला चालणार नाही."

काकांनी ठरवलं, कार्ड काढायचं. एकट्याला लाज वाटते म्हणून लहूला सोबत घेतलं. मला नव्हतं घेतलं. मी गेलो.

*

रविवारी सकाळी चिंचवडच्या एका पोहण्याच्या तलावावर क्लास. पाठीवर सिलेंडर, तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर, अंगात हवा भरायचं जॅकेट. हवा भरली की वर, सोडली की खाली. इथपर्यंत लहूलापण कळलं.

आता बऱ्याच लोकांकडं जॅकेट फुगवायचं बटण वेगळं असतं आणि स्पेअर रेग्युलेटर वेगळा. प्रज्ञाताईच्या सेटमध्ये दोन्ही एकातच. डाव्या खांद्यावरून एक दांडकं लोंबतं. त्याला फुगवायचं बटण, हवा सोडायचं बटण, आत शिरलेलं पाणी फुंकून काढायचं बटण आणि श्वास घ्यायला तोंड. बटणं तीन, आणि लहूचा अंगठा एक.

ताईनं सांगितलं, स्पेअर तोंडात घ्या, पाणी काढायचं बटण दाबा, श्वास घ्या. लहूनं स्पेअर तोंडात घेतला आणि बटण दाबलं. पाणी निघालं नाही. त्यानं आणखी जोरात दाबलं. तळाशी बसलेला लहू कढईतल्या पुरीसारखा फुगून वर गेला, तो थेट लहान मुलांच्या बॅचमध्ये निघाला.

तिथला एक पोरगा रडायला लागला. लहू त्याला म्हणाला, "घाबरू नको बाळा, म्या मेंटेनन्सचा माणूस हाय."

*

खरी अडचण काकांची झाली.

त्या दांडक्याची नळी आखूड असते. आपल्या तोंडापर्यंत येते, दुसऱ्याच्या तोंडापर्यंत नाही. म्हणून नियम असा, की जोडीदाराची हवा संपली तर आपल्या तोंडातला चालू रेग्युलेटर काढून त्याला द्यायचा आणि आपण खांद्यावरचा स्पेअर घ्यायचा.

काकांना हे पटेचना. मी गळ्यावरून आडवा हात फिरवायचो, म्हणजे हवा संपल्याची खूण. काका लगेच खांद्यावरचा स्पेअर माझ्याकडं ओढायचे. तो यायचा नाही. मग ते स्वतःच नळीबरोबर ओढले जायचे, आणि आम्ही दोघं गाल घासत बसायचो.

तीनदा असं झालं. ताई वैतागली. काका शांतपणे म्हणाले, "चालू मशीनचा पार्ट काढून कुणी देतं का? दुसऱ्याला स्पेअर द्यायचा. सगळ्या जगात हेच आहे."

"पप्पा, ज्याची हवा संपलीय तो घाबरलेला असतो. त्याला खात्रीचा पाहिजे. तुम्ही शांत आहात, तुम्ही स्पेअर शोधू शकता."

काका विचार करून म्हणाले, "मी कुठं शांत असतो?"

*

पुढच्या रविवारी काका पिशवी घेऊन आले. पिशवीत दोन मीटर निळा एअर पाइप, दोन फिटिंग, क्लिपा, आणि प्रत्येक बटणाला लावायला आपल्या प्लांटमधले टॅग. एका टॅगवर लिहिलेलं होतं, 'काम चालू आहे, स्विच लावू नये.'

काकांचं म्हणणं सोपं होतं. माणसाची सवय बदलण्यापेक्षा नळी लांब करा. या एका सुधारणेवर त्यांना कंपनीत नक्की बक्षीस मिळालं असतं.

ताईनं पिशवी बंद केली. म्हणाली, "माझ्या सामानाला हात लावलात तर तुमचा पाना भंगारवाल्याला देईन."

काकांनी पिशवी उचलली आणि नीट गाडीत ठेवून आले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच बघितलं नव्हतं.

*

मग प्रॅक्टिस कंपनीत सुरू झाली. ताईचा हुकूमच होता, कुठंही, कधीही. कुणी गळ्यावरून हात फिरवला की तोंडात जे असेल ते काढून द्यायचं.

कँटीनमध्ये मी लहूला खूण केली. लहूनं अर्धा वडापाव तोंडातून काढून माझ्यापुढं धरला. पोरगं सिरीयस आहे.

काकांना मी शॉप फ्लोअरवर खूण केली. मशीनच्या आवाजात, लांबून, त्यांच्या डोळ्यात बघत, गळ्यावरून आडवा हात. नेमक्या एचआरच्या नवीन मॅडम मागून येत होत्या.

अर्ध्या तासात आम्ही दोघं त्यांच्या केबिनमध्ये. मॅडमनी काकांना पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं की यानं तुम्हाला धमकी दिली का, न घाबरता सांगा.

काका म्हणाले, "धमकी नाही मॅडम. त्याची हवा संपली होती."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"स्पेअर द्यायला गेलो," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "तिथंच चुकतं माझं."

*

तलावातल्या शेवटच्या परीक्षेत काकांनी तोंडातला रेग्युलेटर बरोबर दिला. पण आधी डावा हात खांद्याकडं गेला, थांबला, मग उजवा तोंडाकडं आला. ताईनं सगळं बघितलं. म्हणाली, "आठवून देताय. हात आपोआप गेला पाहिजे. कार्डाचं समुद्रात बघू."

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही मालवणला गेलो. निघताना बोटीत काकांनी कमरेचा पाना सोडला, रुमालात गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी ठेवला. खाऱ्या पाण्यानं गंजतो म्हणून.

मी ते बघितलं. आणि मला एक कल्पना सुचली.

समुद्राच्या तळाशी, आठ मीटर खाली, वाळूत काकांचा पाना पडलेला असेल. काका येतील. बघतील. बास, एवढंच. मला फक्त त्यांचे डोळे बघायचे होते.

पाना मी जॅकेटच्या खिशात टाकला. खाली गेल्यावर ताईनं खुणेनं विचारलं, हवा किती उरलीय. मी हवेच्या काट्याकडं न बघता शंभर दाखवले, म्हणजे अर्धा सिलेंडर शिल्लक, कारण माझं लक्ष जागा शोधण्यात होतं. थोड्या वेळानं लहूच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, ताई त्याच्याकडं वळली. मी संधी साधून काकांच्या पुढं जोरात पोहलो. एक छान खडक दिसला. पाना काढला, ठेवायला वाकलो, काकांचे डोळे आठवून आतल्या आत हसलो आणि श्वास ओढला.

काही आलं नाही. रिकाम्या बाटलीत स्ट्रॉ घालून ओढावं तसं.

परत ओढला. नाहीच.

वळलो तर दोन हातांवर काका. मी गळ्यावरून हात फिरवला. घाईत दुसऱ्या हातातला पाना तसाच राहिला.

काचेआडून काकांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. मग पान्याकडं बघितलं. आणि नजर तिथंच थांबली. मला माझी सगळी सर्व्हिस आठवली.

पण नजर पान्यावर असतानाच त्यांचा उजवा हात स्वतःच्या तोंडाकडं गेला. चालू रेग्युलेटर काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. डाव्या हातानं खांद्यावरचा स्पेअर स्वतःच्या तोंडात घातला. आधी हात कुठं गेला नाही, थांबला नाही, काही नाही. मी श्वास घेतला. आयुष्यात एवढी गोड हवा घेतली नाही, राव.

मग त्यांनी माझं जॅकेट घट्ट धरलं, आणि माझ्या मुठीतून पाना काढून घेतला.

ताई कधीच पोचली होती. एक हात माझ्या सिलेंडरवर, बघत होती काकांकडं. त्याच दांडक्यातून श्वास घेत, त्याचंच हवा सोडायचं बटण दाबत, काका मला हळूहळू वर घेऊन आले.

बोटीत ताईनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग ती वडिलांकडं वळली.  म्हणाली, "पप्पा, अंदमानचं तिकीट काढा."

काका पाना गोड्या पाण्यानं धूत होते. नुसती मान हलवली.

सोमवारी सकाळी फर्स्ट शिफ्टला तीन नंबरच्या मशीनचं कव्हर खोलायचं होतं. मी काकांकडं गेलो. म्हटलं आता आपलं नातं वेगळं आहे.

"काका, जरा दहा-अकराचा पाना द्या ना."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. दोरीची गाठ तपासली.

"तोंडातलं माग, देतो," म्हणाले. "पाना स्टोअरमधून घे."