डोकं न हलवण्याचा सराव

बाबांना जाऊन चार महिने झाले. मला ते आठवतात मात्र चमच्याने स्टीलचं ताट बडवताना, आणि भेटायला आलेल्या माणसांसमोर मला हसू फुटतं.

तेव्हा आम्ही जयपूरला खातीपुऱ्यात राहत होतो. बाबा विम्याच्या ऑफिसात होते. धाकटी बहीण अठराची, स्वमग्न. एका डॉक्टरबाईंना स्वमग्न मुलांच्या मेंदूची रचना त्यांच्या भावंडांच्या मेंदूशी ताडून पाहायची होती. आम्ही दोघी बहिणींनी एमआरआयच्या बोगद्यात वीस-वीस मिनिटं डोकं न हलवता पडायचं, गुंगीचं औषध नाही. एकीचं चित्र बिघडलं की दुसरीचंही बाद.

"शाळांनी तिला परत पाठवलं," बाबा म्हणाले. "इथून परत यायचं नाही."

पंधरा दिवस ती जेवणाच्या टेबलाखाली रजईवर पडायची. बाबा यंत्राचा आवाज म्हणून वर ताट बडवायचे आणि ओरडायचे, "नाक खाजवायचं नाही!" मला सराव द्यायचं कुणाला सुचलंच नाही. मी एम.ए. झालेली.

बहीण बोगद्यात वीस मिनिटं पापणीही न हलवता पडली. मग मी आत गेले. यंत्र ठोकू लागलं, अगदी बाबांच्या लयीत. मी खुदकन हसले.

"दीदी, हिलना मत," स्पीकरमधून आवाज आला.

दुसऱ्यांदाही तेच.

"अगं, तू तरी!" मागून बाबांचा रडवेला आवाज.

"अब आखिरी बार. नहीं तो दोनों का कैंसल."

तेव्हा बहिणीला कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून माझ्या पायाशी उभं केलं. "हसायचं नाही," तिने बजावलं आणि माझ्या पायांचे दोन्ही अंगठे असे पिळले की वीस मिनिटं हसू सोडाच, श्वाससुद्धा बेतानेच घेतला.

पडद्यावर दोन मेंदू शेजारी शेजारी उमटले. "यात धाकटीचा कुठला?" बाबांनी आपल्या हिंदीत विचारलं.

एकेक चित्र पाहून ते कळत नाही, बाई म्हणाल्या. पुष्कळ जणांची एकत्र बघावी लागतात.

"म्हणजे धाकटीला परत पाठवणार नाही, तिचंही चित्र त्यात धरणार?"

"धरणार की."

बाबा बाहेर जाऊन भिंतीला टेकून इतके हसले की नर्सने धावत पाणी आणलं. बहिणीने तो पेला घेतला, सावकाश स्वतःच पिऊन टाकला आणि नर्सला गंभीरपणे सांगितलं, "ताई हलली. दोनदा."