हळदीचं बोट लागलेलं कार्ड

फ्लॉप्यांचा जुना डबा उघडला आणि हळदीचा वास आला. आत एक पोस्टकार्ड होतं, कडेला पिवळं बोट उमटलेलं.

तेव्हा वसमतला माझा कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि गावातल्या साप्ताहिकात मी वाचकांच्या शंकांना उत्तरं द्यायचो. माऊस काहून अडकतो, व्हायरस माणसाला होतो काय, असलं. हे कार्ड कुरुंद्याहून आलेलं. वर 'जय भीम' आणि खाली एकच प्रश्न: 'कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायचा नेम सगळ्यांला हाये, का आमच्याच पोरीला?'

मला संशय आला तो गावातल्या दुसऱ्या क्लासवाल्याचा. म्हटलं, हाच खोटी कार्डं टाकून आपली बदनामी करून राहिला. मी तोऱ्यात छापलं: 'धुळीनं मशीन बिघडतं. नेम सगळ्यांना सारखा.'

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक माणूस क्लासच्या दारात येऊन उभा राहिला. बोटं हळदीनं पिवळी, त्यावरूनच मी कार्डवाला ओळखला. दाराबाहेरच्या चपला तो एकेक करून न्याहाळत होता.

"बघा, नीट बघा," मी आतूनच म्हणालो. "सगळ्या पोरापोरींच्या आहेत."

"व्हय सर, बराबर हाये."

मग त्याची नजर आत आली आणि माझ्या पायांवर थांबली. मी मशीनपाशी उभा होतो, रोजच्यासारखा बूट घालून.

"सगळ्यांला, असं लिहिलं होतं तुमी," तो हळूच म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

चुकलेल्या उत्तराची दुरुस्ती मी पुढच्या अंकात न चुकता छापायचो. ही एक तेवढी छापली नाही.