मामाच्या पायाला हात

माझा स्वभाव तिरसट आहे हे मला माहीत आहे, पण मंगळवारी तो जरा जास्तच तिरसट होतो. मंगळवारी आमच्या उपकेंद्रावर शुगरचे पेशंट येतात. मी तिथली नर्स. पालीच्या पलीकडच्या, धरणाच्या अंगाच्या चार वाड्या माझ्याकडं आहेत. रक्त तपासून घ्यायला कुणाची ना नसते, गोळ्या तर मागून नेतात, पण पाय दाखवा म्हटलं की सगळ्यांना घरची कामं आठवतात. कुणाची शेळी व्यायला झालेली असते, कुणाची नेकनूरची बस चुकत असते. तरीही मी एकेकाला खुर्चीवर बसवते, पाय स्टुलावर ठेवायला लावते आणि बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, टाचेच्या भेगांत बघते. मग पेनासारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवते. डोळे मिटून बसायचं आणि लागलं की सांगायचं, एवढंच पेशंटचं काम असतं.

त्याच त्या गोष्टी सांगून माझी जीभ झिजली आहे. शुगर असली की पायाची जाण हळूहळू जाते. दुखत नाही म्हणून जखम कळत नाही आणि कळत नाही म्हणून ती आत आत जाते. तेव्हा रोज तळपाय बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाहीतर घरातल्या कुणाला बघायला सांगा. वहाण घालायच्या आधी आत हात फिरवा. भेगांना बिब्बा लावू नका. यावर बायका तोंडाला पदर लावून हसतात. आरसा तोंड बघायला असतो, पायाला कशाला, असं त्यांना वाटतं.

हे सगळं मी परक्यांना सांगत होते, तेव्हा माझ्या सख्ख्या मामांचा पाय आतून सडत होता.

मामांची वाडी माझ्याच भागात येते. आयुष्यभर त्यांनी शेळ्यामेंढ्या राखल्या, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. उन्हाळ्यात पाण्याच्या कडेकडेनं कळप घेऊन ते कुठच्या कुठं जायचे. त्यांना शुगर असल्याचंही मीच शोधून काढलं. बोटाला सुई टोचताना त्यांनी हात लगेच पुढं केला होता. हाताचं त्यांना काही वाटलं नाही. पायाची गोष्ट वेगळी होती.

आमच्याकडं भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा नसतो. मामानंच भाचीच्या पाया पडायचं. लहानपणी दिवाळीला आई मला घेऊन माहेरी जायची, तेव्हा हा एवढा उंच माणूस डोक्याचा पटका सावरत माझ्यासमोर वाकायचा आणि माझ्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं टेकायचा. मला कसंतरीच व्हायचं. पाय मागं घ्यावेसे वाटायचे, पण मग आई डोळे वटारायची. खरं सांगायचं तर थोडा माजही चढायचा. शाळेत मार खाणाऱ्या पोरीच्या पाया पडणारं जगात कुणीतरी होतं.

पहिल्याच मंगळवारी मी स्टूल पुढं सरकवलं आणि मामांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. म्हणाले, "भाचीच्या हातात पाय दिऊन ते पाप कुठं फेडू, माय? दुसरं काय बी सांग." मागं बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. मी हुज्जत घातली नाही. पुढच्या मंगळवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. गोळ्या वेळेवर घेणारा, गोड सोडलेला, फुकाच्या तक्रारी न करणारा असा पेशंट मला दुसरा नव्हता. फक्त पायाचं नाव काढलं की ते हसून उठायचे. एकदा जाता जाता म्हणाले, "पायाचं काय बघतीस. लई निबर झालेत आता. बाभळीचा काटा बी लागत न्हाई."

हे वाक्य मी ऐकलं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं, की काटा लागत नाही असं जो सांगेल त्याचा पाय सगळ्यात आधी बघा. आणि मी हसले. आमचे एक पुरुष आरोग्यसेवक दर आठवड्याला केंद्रावर यायचे, त्यांना मामांच्या घरी पाठवलं असतं तरी भागलं असतं. पण रांग मोठी होती, ऊन चढत होतं, आणि मामांनी चारचौघांत नाही म्हटल्याचा मला रागही आला होता. नाही तर नाही, म्हटलं, बसा.

याहून वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. रजिस्टरात पाय तपासल्याचा एक रकाना असतो. बाकी सगळ्यांच्या नावापुढं बरोबरची खूण आणि माझ्याच मामांचा रकाना कोरा, हे मला बरं दिसेना. मी खूण केली. दर महिन्याला करत गेले.

थंडीत त्यांच्या टाचांना भेगा पडल्या. मी भेगांना बिब्बा लावू नका म्हणून कितीही ओरडले तरी घरोघरी बिब्बा असतोच. तो सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि सुटलेलं तेल भेगेत सोडायचं. चटका बसला की गुण आला, असा हिशेब. मामी तेल सोडत होती आणि मामांना चटकाच बसत नव्हता. बिब्बा जुनाट झाला असेल, म्हणाले. मामीनं शेजारून ताजा बिब्बा आणला. तरी चटका बसेना. मग त्यांनी तिला आणखी तापवायला लावलं, आणखी सोडायला लावलं, असं तीन दिवस. हे सगळं मामीनं मला नंतर सांगितलं. सांगताना ती आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघत होती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. "तुझ्या मामाचा एक पाय वला उमटायलाय फरशीवर," ती म्हणाली. "आंघूळ तर अजून केली न्हाई त्यायनी."

मी केंद्राला कुलूप लावलं आणि गाडी काढली. मामा वाड्यासमोर, म्हणजे शेळ्यांच्या काटेरी कुंपणासमोर, बाजेवर बसले होते. पायाला धोतराचा धडपा गुंडाळलेला. मला बघून त्यांनी पाय बाजेखाली घेतला. दुखत न्हाई, म्हणाले, उगंच आली एवढ्या लांब. मी खाली मातीत बसले आणि दोन्ही हातांनी त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला. त्यांनी झटका दिला, मी सोडला नाही. मग त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं. मी धडपा सोडत असताना उपरण्याखाली ते रडत होते. जखमेला नव्हे, पापाला.

टाच काळी पडली होती. वासानं मामी मागं सरकली. काळेपणा कडेनं घोट्याकडं चढत होता. सवयीनं मी पिशवीतून दोरा काढला आणि दुसऱ्या, धड दिसणाऱ्या पायाला टेकवला. लागलं की सांगा, म्हटलं. "लागलं," ते म्हणाले. मी दोरा उचलला, जागा बदलायला थांबले, आणि ते पुन्हा म्हणाले, "लागलं." मी काहीच टेकवलं नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून ते अंदाजानं सांगत होते. आम्ही दोघंही एकमेकांसाठी खोट्या खुणा करत आलो होतो, हे तेव्हा मला कळलं.

बीडला नेलं. आधी टाचेचं कातडं काढलं, मग थोडं आणखी, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय गेला. आत बाभळीच्या काट्याचा तुकडाही निघाला. तो कधी घुसला हे कुणालाच सांगता आलं नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, तुमच्याकडं येत होते ना, पाय शेवटचा कधी तपासला होता? उत्तर मामांनीच दिलं, खाटेवर पडल्या पडल्या. "तिला काहून इचारता सायेब? ती दर मंगळवारी मनायची, दाखवा मनून. मीच न्हाई दावला."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. मला मामांना खरं सांगायचं होतं. रजिस्टराची गोष्ट ओठांवर आली होती. पण ते माझ्याकडं एवढ्या कौतुकानं बघत होते की मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. अजूनही सांगितलेलं नाही. त्या खुणा मी खोडल्या नाहीत. अधूनमधून पानं उलटून बघते, एकाखाली एक, निळ्या शाईच्या, नीटनेटक्या.

शेळ्या आता पुतण्याकडं आहेत. संध्याकाळी कळप दारावरून जातो तेव्हा मामा मान वळवतात. कुबड्या भिंतीला टेकलेल्या असतात, त्या ते फारशा घेत नाहीत. मंगळवारी केंद्र बंद केलं की मी त्यांच्याकडं जाते. उरलेला एक पाय बघायचा असतो. त्यांनी एक अट घातली आहे आणि मी ती मान्य केली आहे. त्यांना वाकता येत नाही, म्हणून मी चप्पल काढून माझा पाय बाजेच्या कडेला ठेवते. ते त्याला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात. मग आपला पाय पुढं करतात.

एका पायाला वेळ लागत नाही. बेचकं, नखं, टाच. टाचेला भेग पडली आहे का ते मी दोनदा बघते. मग दोरा. आता ते अंदाजानं सांगत नाहीत, डोळे गच्च मिटून खरोखर वाट बघतात. अंगठ्याखाली एका जागी त्यांना अजून लागायचं. तिथं दोरा टेकवायचं मी शेवटी ठेवत असे, म्हणजे उठताना आम्हा दोघांनाही बरं वाटायचं.

गेल्या मंगळवारी तिथं टेकवला. ते गप्प बसले. मी जरा जोर दिला, दोरा वाकला. पलीकडं शेळ्या घरी येत होत्या.

"न्हाई, माय," ते म्हणाले. "तितं बी न्हाई आता."

मी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं.