गोळ्यांचा वाटा

शब्बीरनं उभी हयात ट्रकवर काढली. पांढरकवड्याच्या नाक्यावरून हैदराबाद, तिकडून नागपूर, एवढंच त्याचं जग. पाठीच्या मणक्यानं दगा दिला तेव्हा बायकोनं, गुलनारनं, निर्वाणीचं सांगितलं, "अब बस." कुणाच्या तरी ओळखीनं मग तो संस्थेच्या गाडीवर लागला.

संस्थेची गाडी म्हणजे फिरता दवाखाना. आत डॉक्टर मॅडम, औषधांच्या पेट्या, वजनकाटा आणि मागच्या बाकाखाली फळा, पाट्या, गुंडाळलेली सतरंजी. दवाखाना आटोपला की त्याच जागी साधनाताई पोरांची शाळा भरवायच्या. औषध फुकट, शिकवणं फुकट. नागपूरला बसलेली काही मंडळी देणग्या गोळा करत आणि यवतमाळातल्या गरिबांच्या वस्त्यांवर खर्च करत. चांगली माणसं होती, नावं ठेवायला जागा नाही. दानशूर माणसांना एकच खोड असते, दान कोणत्या वेळी करायचं तेही तेच ठरवतात.

मंगळवारी गाडी लोहाऱ्याकडच्या वस्तीत यायची. कारखान्यांच्या मागे पत्र्याची घरं. दारव्हा-दिग्रसकडचे तांडे सोडून पोटामागे आलेली बंजारा माणसं तिथं राहत. शब्बीर गाडी लावायचा ती रुपीबाईच्या अंगणात, कारण वस्तीत कडुनिंबाची धड सावली तेवढीच होती. रुपीबाई म्हातारी, विधवा, आणि तोंडानं तिखट. रांगेत कुणी घुसलं की डॉक्टरांच्या आधी तिचा आवाज चढायचा. पण शब्बीरच्या हातात कोऱ्या चहाचा कप दिल्याशिवाय तिनं स्वतः कधी घोट घेतला नाही.

"हे घे ड्रायवर," ती म्हणायची. "गाडीले डिझेल लागते, मानसाले नाई लागत काय?"

शब्बीरला तिचा लळा लागला होता. मंगळवार उजाडला की तो दाढी करून निघायचा आणि गुलनार त्याला चिडवायची.

रुपीबाईला बीपीचा त्रास. मॅडम दर महिन्याला तिला गोळ्यांची पाकिटं द्यायच्या आणि बजावायच्या, आजी, रोज एक, चुकवायची नाही. रुपीबाई मान हलवायची. तरीही दर खेपेला मशीनचा काटा वरच. मॅडमनी गोळी बदलली, मग तिचा डोस वाढवला, मग मीठ बंद केलं. काटा काही खाली येईना. मॅडम तरुण होत्या, कामाला नव्या होत्या आणि मनाला लावून घेणाऱ्या. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटू लागलं.

एका मंगळवारी शब्बीर चहाचा कप परत द्यायला घरात डोकावला. रुपीबाई शिवणाच्या कात्रीनं गोळ्यांचं पाकीट मधोमध कापत होती.

"हे काय शिवून राह्यल्या?" त्यानं हसत विचारलं.

"जमनीचा वाटा काढून राह्यली."

जमनी शेजारची. नात्याची कुणी नव्हे, पण रुपीबाईला ती 'याडी' म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. नवरा गवंडीकामाला हैदराबादेकडे गेला तो तिकडचाच झाला. जमनी जिनिंगमध्ये कापसावर राबायची आणि तिची सोनू दिवसभर रुपीबाईकडे असायची. सोनू साधनाताईंच्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर. जिनिंगवर एकदा तपासणीचं शिबिर झालं तेव्हा जमनीचंही बीपी वाढलेलं निघालं होतं, गोळी लगेच सुरू करा म्हणून सांगितलं होतं. पण संस्थेचा नियम असा, की पेशंटनं स्वतः यावं, तपासून घ्यावं, मग औषध. गाडी यायची भर दुपारी. बाकी दवाखान्यांच्या वेळाही कामाच्याच. आणि जमनीचा एक खाडा झाला की मुकादम दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी करायचा.

तेव्हा रुपीबाईनं तिच्या परीनं मार्ग काढला होता. एक दिवस ती गोळी खायची, एक दिवस जमनी.

शब्बीरचं हसू मावळलं. "अवो, थे तुमची दवा हाय. अर्धी खाल्ली तं कोनालेच लागू होनार नाई."

"बोकड कापला तं तांड्यात घरोघर वाटा जाते," रुपीबाई म्हणाली. "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाई, भाऊ. अन् हे तं फुकटचं आलेलं. फुकटचं एकटीनं कसं खाऊ?"

आता याला काय म्हणावं? पुस्तकातलं पाप असतं तर तिला रागावता आलं असतं. हे तर पुण्य होतं, चांगलं धडधडीत पुण्य, आणि तेच तिच्या मुळावर उठलं होतं. शब्बीरनं हुज्जत न घालता सरळ मॅडमना जाऊन सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या रुपीबाईपाशी जमिनीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि समजावलं. भाकरी वाटली तर दोघींची अर्धी भूक भागते, गोळी वाटली तर दोघींचाही आजार तसाच राहतो. रुपीबाईनं सगळं ऐकलं.

"समजलं," ती म्हणाली. "मंग जमनीले बी द्या ना."

"तिला तपासल्याशिवाय कशी देऊ, आजी? तिला काही झालं तर?"

"दिली नाई तं काई होनार नाई काय?"

मॅडमनी तिला वाटा न देण्याची शपथ घालून त्या महिन्याची पाकिटं दिली आणि त्या गाडीकडे वळल्या.

करायचं ते दोघांनी केलं. मॅडमनी नागपूरला कळवलं, की या वस्तीत रविवारी गाडी पाठवू, कामावरच्या बाया तेव्हाच भेटतील. उत्तर आलं, विचार करू. संस्थेचा विचार म्हणजे भिजत घोंगडं. शब्बीर मुकादमाला भेटून आला, त्याला भाऊ म्हणाला, साहेब म्हणाला, शेवटी हात जोडले. मुकादम म्हणाला, "एकीले सोडलं तं साऱ्याच मांगतीन." शेवटी जमनीनंच धीर केला. होईल ते होवो म्हणत एका मंगळवारी ती कामावर गेली नाही, न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात येऊन बसली. आणि नेमक्या त्याच मंगळवारी मॅडमना संस्थेनं कसल्याशा प्रशिक्षणाला नागपूरला बोलावून घेतलेलं! गाडीतून उतरल्या त्या एकट्या साधनाताई, फळा घेऊन.

जमनी उठली आणि लुगडं बदलायला घरात गेली. शब्बीर वैतागून गाडीच्या टायरला लाथ मारत राहिला. दुसऱ्या दिवशी जमनीची जिनिंगमधली जागा गेली आणि मग ती विटांच्या भट्टीवर जाऊ लागली. ते काम अजून लांबचं आणि अजून उन्हातलं.

रुपीबाईनं मॅडमच्या गळ्याची शपथ घेतली होती, आता वाटा देणार नाही म्हणून. पण भट्टीवरून आलेल्या जमनीचं तोंड पाहून तिला शपथ आठवायची तरी कशी? कात्री चालूच राहिली. शब्बीरला ते कळत होतं, मॅडमना कळत होतं. कळून कुणाला काय करता येत होतं? गोळ्या देणं बंद केलं तर रुपीबाईची अर्धीही जाणार. दिल्या तर अर्ध्या दुसरीकडे जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

थंडीच्या दिवसांत रुपीबाई सकाळी चुलीपाशी बसल्या जागी कलंडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वस्तीतल्या लोकांनी ऑटोत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. शब्बीरला ते कळलं मंगळवारी, अंगणात गाडी लावली तेव्हा. त्यानं सवयीनं हॉर्न दिला होता आणि कुणीच त्याच्यावर ओरडलं नव्हतं.

ती जगली. घरी आणली तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. तिखट बोलणाऱ्या त्या बाईच्या घशातून नुसता घरघर आवाज निघायचा. तिचं करायला दिवसा माणूस हवं होतं आणि जमनी भट्टीवर गेली नाही तर दोन्ही घरांत चूल पेटणार नव्हती. म्हणून सोनू घरी राहिली. सतरंजीवरची तिची जागा साधनाताई काही दिवस मोकळी ठेवत होत्या, मग तिथं दुसरी पोरं सरकली. सोनू उंबऱ्यात बसून रुपीबाईला भरवायची आणि अंगणातले पाढे ऐकायची.

मॅडमनी सगळा प्रकार नागपूरला लिहून पाठवला. मंडळींना फार वाईट वाटलं आणि रविवारची गाडी ताबडतोब मंजूर झाली. वरातीमागून घोडं! पण आलं तर खरं, असं शब्बीरनं मनाला समजावलं आणि पहिल्या रविवारी तो वेळेच्या आधीच वस्तीत पोचला. भट्टीवरच्या, जिनिंगमधल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायांनी अंगण भरून गेलं. फक्त जमनी नव्हती.

मॅडम मशीन घेऊन स्वतः तिच्याकडे गेल्या. जमनी रुपीबाईच्या उशाशी बसली होती. तिनं दंड पुढे केला. काटा पाहून मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी जमनीच्या नावाची गोळ्यांची पाकिटं तिच्या हातात दिली, हक्काची, पूर्ण महिन्याची. जमनीनं ती घेतली, कपाळाला लावली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

मॅडम बाहेर गेल्यावर शब्बीर मागे थांबला. "बाई, आजपासून चालू कर."

"नाई, भाऊ."

"काहून?"

"याडीच्या तोंडातलं खाल्लं मी," जमनी म्हणाली. "माह्यापाईच हे झालं. वस्ती तोंडावर बोलत नाई, पन मले दिसते ना. आता त्याच गोळ्या खाऊन मी चालती-फिरती राहू अन् थे अशी पडून? मले नाई गिळवत."

"अवं पन तुले काई झालं तं सोनूनं कोनाकडं पाहावं?"

जमनीनं रुपीबाईचं पांघरूण सारखं केलं. शब्बीरनं सगळं सांगून पाहिलं, आधी हळू, मग चढ्या आवाजात, शेवटी सोनूची आण घालून. तो घरचा नव्हता, जातीचा नव्हता, नुसता गाडीचा ड्रायवर होता. या घरात जमनीला दरडावून "खा" म्हणू शकणारं माणूस एकच होतं.

खाटेवर हालचाल झाली. रुपीबाईनं डावा हात उचलला होता. डोळे जमनीवर रोखलेले. तिनं बोटं आधी कोनाड्याकडे नेली, मग जमनीच्या तोंडाकडे, पुन्हा कोनाड्याकडे, आणि घशातून जोर लावून आवाज काढला. कपाळावरची शीर तट्ट फुगली.

"पाहा, पाहा," शब्बीर ओरडला, "थे तुले गोळी खाय म्हनून राह्यली!"

"नाई," जमनी उठली. "तिले तहान लागली. कोनाड्यात पानी रायते ना तिचं."

तिनं कोनाड्यातल्या गोळ्या बाजूला सारल्या, मागचा पेला काढला, रुपीबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या वाकड्या ओठांना पाणी लावलं. रुपीबाई मान हलवत राहिली आणि सगळं पाणी तिच्या गळ्यावरून खाली सांडलं.