बिनरुळांची लाइन

रूळ नसलेल्या रेल्वेलाइनीवर रेल्वेची नोकरी करणारा मी आजवर एकच माणूस पाहिला, तो म्हणजे माझ्या मैत्रिणीचे बाबा. भुसावळला पस्तीस वर्षं त्यांनी लाइन तपासली. माणसांनी ढकलायच्या ट्रॉलीवर बसून रूळ, खडी आणि उतार बघत जायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांसाठी ते मिशिगनमध्ये, नोव्हायला मुलीकडे आले, तर तिच्या घरामागूनच एक जुनी रेल्वेलाइन गेलेली. रूळ केव्हाच उखडून नेलेले, वर डांबर टाकून सायकलींसाठी वाट केलेली. इतरांचे आईवडील इथे येऊन मॉल बघतात. काकांनी ही वाट पाहिली आणि दुसऱ्या सकाळी नातीची जुनी जांभळी सायकल घेऊन ड्यूटीवर रुजू झाले.

सपाट जमीन ही काकांच्या मते अफवा आहे. जगात चढ असतो किंवा उतार. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा चप्पल काढायच्या आधी त्यांनी माझ्याकडून एक लिंबू मागून घेतलं आणि ड्राइव्हवेवर ठेवलं. लिंबू घरंगळत गॅरेजकडे गेलं. "पाणी आत येणार," काका म्हणाले. त्याच आठवड्यात आलं. दुसरी सवय टकटक करण्याची. आवाजावरून वस्तूची तब्येत कळते म्हणून ते सायकलच्या चाकांपासून कलिंगडांपर्यंत सगळं वाजवून बघायचे. माझ्या नवऱ्याने दोन वीकेंड राबून स्वतः लावलेल्या किचनमधल्या टाइल्स त्यांनी वाजवल्या आणि जाहीर केलं, "चौथी पोकळ आहे." नवरा आजही कोणाला किचन दाखवताना चौथ्या टाइलसमोर उभा राहतो.

जूनमध्ये मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. काका सकाळी फोन घरीच ठेवून निघाले ते पाच तासांनी परतले. तोवर माझ्या मैत्रिणीने रडून रडून शेजारीपाजारी गोळा केले होते.

"हरवलो नव्हतो गं," काका म्हणाले. "लाइन संपेपर्यंत गेलो होतो. अकरा मैल आहे."

"आजपासून एकट्याने बाहेर पडायचं नाही, बाबा. गॅरेजचा कोड बदलतेय मी."

आणि तिने खरंच बदलला. पुढचे दोन आठवडे काका खिडकीशी बसून होते. पस्तीस वर्षं ज्याच्या शब्दावर गाड्या थांबल्या, त्याला आता दूध आणायलाही सोबत लागत होती. मला ते बघवेना. मी मध्यस्थी केली. काकांनी आम्हा चौघांसाठी, म्हणजे ते, मी, मैत्रीण आणि तिचा नवरा, दिवसभराची सायकल फेरी आखायची. जाताना गावाकडचे रस्ते, येताना जुनी लाइन, एकूण चौतीस मैल. सगळे सायकलवरूनच संध्याकाळी पाचच्या आत घरी पोचलो, तर काकांना एकट्याने जायची मुभा. एकासाठी जरी गाडी बोलवावी लागली, तर नाही.

यादीच्या बाबतीत मी कोणाला हार जात नाही. एक्केचाळीस वस्तूंचा तक्ता मी त्याच रात्री पाठवला, त्यात सेफ्टी पिनासुद्धा होत्या. काकांनी तो आदराने वाचला. "सामानाची यादी उत्तम आहे. पायांची यादी कुठे आहे?" मी आधी लाइनीवरून सोपं जाणं आणि दुपारी चढाचे रस्ते ठेवले होते. त्यांनी ते उलटं केलं. "आगगाडीला चढ सोसत नाही. म्हणून लाइन टाकतानाच लोकांनी टेकड्या कापल्या, खड्डे भरले. ते सुख दमलेल्या पायांसाठी राखून ठेवायचं." फेरी उजव्या बाजूने वळत जाणारी, म्हणजे उजवीकडून चालणाऱ्या इथल्या वाहतुकीत वळताना समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडाव्या लागू नयेत.

"प्रदक्षिणाच की ही, बाबा!" जावई म्हणाला.

"प्रदक्षिणाच. पण कारण वाहतुकीचं आहे."

मग दोन शनिवार जावयाने त्यांना कारमधून त्या रस्त्यांवर इतकं हळू फिरवलं, की मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून त्याचे कान लाल झाले. त्यातून तयार झाला सावधगिरीचा कागद. इंजिन ड्रायव्हरला कुठे हळू जायचं ते लिहून देतात, तसा. "मैल सात: उतारावर बारीक खडी. ब्रेक आधीच." "मैल बारा: पिवळं कुत्रं, गेट उघडं. बोलू नये." "मैल अठरा: आइस्क्रीम. वीस मिनिटं, जावईबापूंना पंचवीस." प्रत्येकाची सही घेतली.

सगळं कागदाप्रमाणे झालं. कुत्रंसुद्धा पिवळं निघालं. पण तेविसाव्या मैलावर, रस्ता संपून लाइन सुरू होते तिथे, माझी मैत्रीण सायकल टाकून गवतावर आडवी झाली.

"मी संपले. पाय गेले माझे. कॅब बोलव रे."

जावयाने फोन काढला. मी काकांकडे पाहिलं. अटीचा शब्दही त्यांनी काढला नाही. घड्याळ बघितलं, लेकीला पाणी दिलं, दहा मिनिटं तिच्या शेजारी बसून राहिले. मग म्हणाले, "गाडी येईपर्यंत एक कर. सायकलवर नुसती बस. पेडल मारायचं नाही."

"बाबा, प्लीज."

"नुसती बस गं."

ती बसली, पाय उचलले. आधी काहीच झालं नाही. मग सायकल अगदी हळूच, कुणी मागून बोट लावावं तशी, पुढे सरकली. सरकत राहिली.

"अरे, ही आपोआप चाललीये!" ती ओरडली.

"त्या दिवशी घरून इकडे येताना मला हा सगळा चढ लागला होता," काका माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे घरापर्यंत उतार आहे. दिसत नाही, एवढंच."

जावयाने फोन खिशात टाकला. आम्ही चार त्रेपन्नला घरी पोचलो. मैत्रिणीने हेल्मेटही न काढता बाबांना गॅरेजचा नवा कोड सांगितला. "पण फोन न्यायचा."

"नेतो."

"चार्ज करून."

"बरं."

सप्टेंबर संपेपर्यंत काका रोज सकाळी एकटे गेले. जायच्या आठवड्यात त्यांनी मला लाइनीखालचा एक लहानसा दगडी पूल दाखवला. वाकून, हात लावून त्यांनी त्याचा एकेक सांधा तपासला. मी विचारलं, "काका, आता तर गाडीही जात नाही यावरून. कशाला बघता रोज?"

"बांधणाऱ्यांनी चांगला बांधलाय," ते म्हणाले. "कोणीतरी बघायला हवं ना."

काका आता भुसावळला आहेत. रविवारी मी त्या पुलापाशी सायकलवरून उतरते, खाली वाकून दगडांवर हात फिरवते. नेमकं काय बघायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. सगळं जागेवर आहे, एवढं मात्र त्यांना फोन करून सांगते.