पाकिटाची मागची बाजू

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मालवणच्या आमच्या वाडीत विमानात बसलेली माणसे सात होती. सातही जण आखातात कामाला होते. मी स्वतः कधी विमानात बसलो नव्हतो. तरी विमानाविषयी काही विचारायचे झाले तर वाडीतली माणसे माझ्याकडे येत, कारण विमानांचे कागद माझ्याकडे होते.

मुंबईत एका वर्तमानपत्राच्या कचेरीत पाच वर्षे काढून मी गावी परतलो होतो आणि तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. जमवण्याची सवय मुंबईतली. विमानतळावर बातमीसाठी गेलो असताना एका काउंटरवर बंद झालेल्या मार्गाचे जुने वेळापत्रक पडलेले दिसले. ते खिशात घातले. मग तिकिटांची कागदी पाकिटे आली, लाल कार्बनची कुपने, सामानाला बांधायच्या चिठ्ठ्या, बोर्डिंग कार्डे, जेवणाच्या छापील याद्या. एका म्हाताऱ्या खलाशाच्या ट्रंकेवरचे स्वातंत्र्यापूर्वीचे लेबल मी किटलीच्या वाफेवर सोडवून घेतले होते. त्यावर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे चित्र होते. प्रत्येक वस्तूखाली मार्ग, महिना आणि ती कोणाकडून मिळाली हे मी लिहून ठेवत असे.

लोक हसत, पण देत. प्रवाशाला उलटी झाली तर म्हणून विमानात ठेवलेली कागदी पिशवी मागायला मी एका घरी गेलो, तेव्हा त्या घरच्या बाईने तीत आमसुले भरून ठेवली होती. विमानवाले खाऊ बांधून द्यायला पिशव्या देतात आणि कागद चांगला जाड असतो, असे तिने मला सांगितले. मी काही बोललो नाही. पुढच्या सुट्टीत तिच्या नवऱ्याने खरा उपयोग सांगितल्यावर तिने मला वाटेत गाठले.

"आणि तू म्हायत असान वर्षभर आमच्याकडची सोलकढी पिलंस रे?"

हे खरे होते.

आखातातून येणाऱ्या पत्रांच्या बाबतीत मी वाडीत एक नियम घालून दिला होता. पत्र तुमचे, पाकीट माझे. विमान कंपन्या तेव्हा प्रवाशांना लिहिण्यासाठी कागद आणि पाकिटे देत. त्यांवर कंपनीचे चिन्ह असे, कधी विमान. पाकीट फाडताना कडेने फाडा, मधून नको, हेही मी सगळ्यांना शिकवले होते. माझ्या शेजारची काकी तर पाकीट सुईने उघडत असे.

काका आणि काकी दोघेच घरात असत. काका पूर्वी मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य होते. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काकी मराठी चौथी शिकलेली. तिने पत्र मोठ्याने वाचायचे आणि काकांनी ऐकायचे, अशी त्यांची पद्धत होती. एकुलता मुलगा बहारीनला एका बांधकाम कंपनीत सुतार होता. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान.

त्या वर्षी गणपतीनंतर त्याचे एक पत्र आले. बहारीनचे काम संपले, मस्कतला दुसऱ्या कंपनीत लागलो आहे आणि हे पत्र विमानातच लिहितो आहे, असे त्यात होते. काकीने ते दोनदा वाचून दाखवले. पाकीट तिने माझ्यासाठी बाजूला ठेवले होते. मी पाहताच ओळखले की असे पाकीट माझ्याकडे नाही. डाव्या कोपऱ्यात निळ्या रंगात वळण घेणारे विमान, खाली सोनेरी रेघ. घरी नेऊन मी त्याच्या सबंध पाठीला डिंक लावला आणि ते वहीत चिकटवले. खाली लिहिले: बहारीन–मस्कत, विमानात लिहिलेले पत्र, शेजारून.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले आणि मुलाला बोलावून घ्या म्हणाले. बोलणे जवळजवळ बंद झाले होते, पण एक शब्द काकांना म्हणता येत होता. कोणीही दारात आले की मुलगा आला का म्हणून ते विचारत, "इलो?"

तार मी लिहिली. वाडीत इंग्रजी तारेचा मजकूर लिहिणारा मीच होतो. वडील गंभीर, ताबडतोब निघा. मस्कतचा पत्ता घरात नव्हता, म्हणून ती बहारीनच्या जुन्या कंपनीच्या पत्त्यावर गेली. तिथले लोक ती पुढे पाठवतील असे मी काकीला सांगितले. तसे होईल असे मला वाटत होते. चौकशी मी केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी काकी कुंपणाशी आली. हात पिठाचे होते. ती म्हणाली,

"त्या पाकिटार मागच्या बाजूक कायतरी विंग्रजी लिवलेला होता मा रे?"

"नाय गो काकी. कंपनीचा छापील असतला ता."

"बघशीत एकदा?"

"बघतंय," मी म्हणालो.

मी पाहिले नाही. याचे कारण मी अनेक वर्षे स्वतःला वेगवेगळे देत आलो. त्या आठवड्यात बंदरावर एका मच्छीमार संस्थेचा वाद चालू होता आणि मी रोज तिथे जात होतो, हे एक कारण. मला खात्री होती, हे दुसरे. खरे कारण असे की पाकीट पूर्ण चिकटलेले होते. मागची बाजू पाहायची तर ते सोडवावे लागले असते आणि डिंक सोडवायच्या वाफेत ती सोनेरी रेघ राहिली नसती. हे मी मनात शब्दांत मांडले नव्हते, पण वही उघडायचे टाळले ते त्यासाठीच. कचेरीत असताना छायाचित्र छापायला देण्याआधी मी ते उलटून पाहत असे. मागे नाव लिहिलेले असते. ही सवय मला होती. ती मी त्या आठवड्यात वापरली नाही.

बहारीनहून उत्तर आले नाही. काकी पुन्हा विचारायला आली नाही.

नवव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो होतो. काकांनी माझ्याकडे पाहून विचारले, "इलो?" मी मान हलवून नाही म्हटले. घरी आलो आणि वही काढली. पान खिडकीशी उजेडात धरले. कागद पातळ होता. पाकिटाच्या पाठीवर बॉलपेनच्या तीन ओळी उलट्या दिसत होत्या. आरशात धरून वाचल्या. कंपनीचे नाव, पोस्ट बॉक्सचा क्रमांक, मस्कत. विमानात पत्र लिहून त्याने पाकीट बंद केले असणार आणि उतरल्यावर पत्ता कळला तेव्हा तो मागे लिहिला असणार. आत मराठीत, बाहेर इंग्रजीत.

मी तार ऑफिस बंद व्हायच्या आत पोहोचलो आणि नवी तार दिली. परत येऊन काकीला सांगितले की मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला होता, त्याने नोकरी लावणाऱ्या एजंटाकडून पत्ता काढून दिला. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, तार गेली ना? गेली, असे मी म्हणालो. 

काका झटक्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी गेले. ठेवायची सोय नव्हती. संध्याकाळी काकांच्या पुतण्याने अग्नी दिला. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. तार मिळाल्यावर मालकाकडून पासपोर्ट सुटायला एक दिवस लागला होता, मग विमान, मग मुंबईहून रात्रभर बस. तिसऱ्या दिवशी तार गेली असती तर तो सातव्या-आठव्या दिवशी घरी पोहोचला असता आणि काका तेव्हा शुद्धीवर होते. हा हिशेब मी त्याच दिवशी केला. त्यात चूक निघावी म्हणून नंतरही पुष्कळदा केला.

तो ओसरीवर बसला होता. बॅग अजून बाजूलाच होती. मी, पुतण्या आणि काकी, एवढेच होतो. त्याने विचारले की पहिली तार बहारीनला का पाठवली. पत्ता नव्हता, असे पुतण्याने सांगितले.

"पत्तो नाय कसो? पाकिटार लिवलंय मी. मागे, मोठ्या अक्षरान."

 वाडीतली पाकिटे कुठे जातात हे त्याच्याखेरीज ओसरीवरच्या सगळ्यांना ठाऊक होते; तो आखातात गेल्यावरच मी तो नियम घातला होता. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली जमिनीकडे पाहत होतो. मला बोलायचे होते असे मी लिहिले तर ते खरे ठरणार नाही. मी वाट पाहत होतो की कोणीतरी दुसरे बोलेल.

काकी बोलली. "पाकीट मिया चुलीत घातलंय. माका काय म्हायत विंग्रजीत पत्तो असतलो म्हणान."

"आये, कागद घातल्याशिवाय तुझी चूल पेटणा नाय?" तो म्हणाला.  दिवसकार्य होईपर्यंत तो तिला जेवढ्यास तेवढेच उत्तर देत होता. तिने वाढले की जेवत होता. हे मी कुंपणापलीकडून रोज पाहत होतो. सांगायचे ठरवून मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा तो झोपला होता. दुसऱ्यांदा तो जागा होता आणि मी त्याच्याशी परतीच्या तिकिटाविषयी बोलून परत आलो.

तो मस्कतला गेल्यावर चार दिवसांनी मी काकीकडे गेलो. ती भात रांधत होती. मी म्हणालो की त्याला पत्र लिहून सगळे कळवतो.

"लिवशीत आणि काय होतला?" ती म्हणाली. "तो येतलो कधीतरी आणि तुझ्या दारात भांडतलो. मगे परत जातलो. माका हयच ऱ्हवचा आसा. सांजच्या वक्ताक माका काय झाला तर कोणाक हाक मारू? तुझ्याशी वैर घेवन मी खंय जातलंय?"

मी म्हणालो, तुझा मुलगा तुझ्यावर, स्वतःच्या आईवर रागावला आहे.

"झील तो. आवशीर रागावतलो नाय तर कोणार?"

मग तिने पाकीट आहे का, असे विचारले. मी घरी जाऊन वही आणली. तिने हात पुसले, ते पान बघितले, विमानावरून बोट फिरवले. खाली मी लिहिलेली ओळ मराठीत होती. ती तिने वाचली. मग तिने मला पान फाडायला सांगितले. मी सरळ पट्टीशिवाय फाडले, कड वाकडी गेली. तिने ते दुमडून चुलीत सारले.

"चुलीत घातलंय म्हंटलंय, ता खरा होवक व्हया," ती म्हणाली आणि भाताचे झाकण काढून बघायला लागली.

त्यानंतर वाडीतल्या कोणाकडे मी पाकीट मागितले नाही. काकीच्या म्हातारपणात तिला डॉक्टरकडे नेणे, तिची औषधे आणणे हे मी करत राहिलो. लोक चांगले म्हणत. ती गेली तेव्हा मुलगा वेळेवर पोहोचला होता; त्या वेळी तार मी योग्य पत्त्यावर पाठवली होती.

आता तो कायमचा गावी आला आहे. संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसतो. कोणी पाहुणा असला आणि आखाताचा विषय निघाला की तो बापाची गोष्ट सांगतो. रागाने नव्हे, आता थोडी हसूनच सांगतो. आई साधी होती, तिला इंग्रजी काय कळणार, पत्ता तिने जाळला आणि बापाला मी दिसलो नाही, असे. शेवटी तो माझ्याकडे वळतो.

"दादा, तुका म्हायत आसा मा?"

मी होय म्हणतो.