माझ्या गोकर्णीला पाणी कोण घालतंय?

घरात चोरी झाली म्हटलं की सगळी गल्ली गोळा होते. पण माझ्या वेलीला कुणीतरी गुपचूप पाणी घालतंय, असं सांगितलं तर माणसं माझ्याच कपाळाला हात लावून ताप बघायला लागली! एकानंही विश्वास ठेवला नाही. त्या पंधरा दिवसांत एवढे किस्से साठले, की आमच्या बॅरलात तेवढं पाणी कधी साठलं नसेल.

वेल साधी, निळ्या गोकर्णीची. होटगीला माझ्या आईच्या कुंपणावर होती. आई गेली, भावानं कुंपण पाडून भिंत घातली. मी एक वाळकी शेंग पदराला बांधून आणली आणि न्हाणीच्या दाराला लागून फुटक्या ड्रमात बी लावलं. तिला लाड लागत नाहीत. आठ-आठ दिवस पाणी नाही दिलं तरी भर उन्हात निळीशार फुलते. आणि यंदा पाडव्यानंतर बघते तर पानं पिवळी, माती भिजवलेल्या कणकेसारखी! मी तर थेंब घातला नव्हता.

*

पहिला संशय शेजारच्या राजव्वावर. भिंतीवरनंच ओरडले, "माझ्या वेलीला पाणी तू घालतीस व्हय गं?"

ती म्हणाली, "अक्का, पाच दिवसानं नळ येतोय. मी सासूला दुसरा तांब्या देत न्हाय, तुझ्या वेलीला देऊ?"

आतनं सासू ओरडली, "खरं हाय ते!"

*

एमआयडीसीत आम्ही टॉवेलच्या कडा शिवतो. तिथं जबीनला सांगितलं. तिची मशीन थांबली. म्हटलं, चला, हिला तरी धक्का बसला!

"अक्का, उस चोर कू जरा मेरे घर कू बी भेज ना! बॅरल सुक्का पडा है!"

सगळी शेड हसली.

*

पिवळं पान आणि मूठभर माती घेऊन नर्सरीत गेले. माणसानं माती हुंगली. "मुळं कुजायला लागलीत. पाणी जास्त झालंय. मावशी, कुठल्या तुम्ही?"

"हितल्याच. सोलापूरच्या."

तो खुर्चीतच बसला. "सोलापूरचं झाड पाण्यानं मरतंय? मावशी, माझी नर्सरी हितंच हाय, मला फसवू नका!"

मग जरा गंभीर झाला. "आणखी चार दिवस असंच चाललं तर वेल गेली समजा. बी हाय का?"

वेलीवर एकच शेंग, तीही हिरवी. आईच्या कुंपणाचं तेवढंच राहिलेलं.

*

डोकं तापलेलं, त्यात बँकेत कागद द्यायला जायचं होतं. खिडकीतला पोरगा म्हणतो, "पतीचं नाव?"

मी आधार कार्ड त्याच्यापुढं सरकवलं.

"तोंडी सांगा ना, मॅडम."

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्याला तीस वर्षं झाली. आमच्यात मालकाचं नाव बाई घेत नाही. म्हटलं, "लिवलंय की त्यावर! मी चौथी शिकलेय. तुमी किती शिकलाय?"

रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या!

*

गल्लीत एकच माणूस माझ्या बाजूनं. आमचे मालक. पाडव्याला कारखान्यातनं रिटायर झाले, तेव्हापासनं घरीच. म्हणाले, "तू कामाला जा. मी राखण करतो." किती बरं वाटलं! माणूस तसा नेमाचा. मी गेल्यावर दहा वाजता आंघोळीला बसतात. माणशी एक बादली, हा माझा कायदा. त्यांचं "हर हर गंगे" राजव्वाच्या चुलीपर्यंत ऐकू जातं. मी तिला टोमणा पण मारायची, "अशी आंघोळ शिकव की तुझ्या नवऱ्याला!"

राखण सुरू झाली आणि माती आणखीच ओली!

*

परवा शेडमध्ये लाइट गेली. शेठनं सुट्टी दिली. दहाला घरी पोचले तर न्हाणीतनं "हर हर गंगे!" चालू. दार अर्धं उघडं. बघते तर काय! शर्टाची सगळी बटणं लावलेली, कपडे कोरडे ठणठणीत, आणि स्वारी पाटावर बसलेली.

"हर हर गंगे!" एक तांब्या वेलीच्या बुडात.

"हर हर गंगे!" दुसरा तांब्या वेलीच्या बुडात.

बादली संपली. शेवटच्या चार थेंबांनी बोटं ओली केली, केसांना लावली आणि खिशातनं कंगवा काढला!

माझ्या हातातला डबा खाली पडला. आवाजानं राजव्वाची मान भिंतीवर आली, मागनं तिची सासू. दारात गल्ली जमली. मी तोंड उघडलं, आणि तीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं.

"अंबादाऽऽस!"